अंजीर का सीताफळ

भुजंग मिस्त्रीनं एकतीस वर्षं एस.टी.च्या बसखाली पाठीवर पडून काढली. देगलूर, मुखेड, उदगीर, अहमदपूर आणि शेवटी कंधार. डेपो बदलला की भाड्याच्या दोन खोल्या बदलायच्या. पुढं नाली आणि मागं दुसऱ्याची भिंत मात्र सगळीकडं तीच. बायको उमादेवी उदगीरकडची. तिनं पाच गावांत संसार मांडला आणि उचलला, पण मातीत कधी काही खोचलं नाही. दुसऱ्याच्या मातीत कशाला, म्हणायची.

निवृत्त झाल्यावर भुजंगनं कंधारच्या नव्या कॉलनीत घर बांधलं. गवंड्यानं घराभोवती सगळी फरशी टाकली. फक्त फाटकाच्या डाव्या अंगाला नऊ फूट बाय सात फूट माती उघडी राहिली. फरशी कमी पडली म्हणून नव्हे. उमादेवी तिथं जाऊन उभी राहिली आणि हललीच नाही म्हणून. वास्तुशांतीच्या दिवशी जेवणं चालू असताना भुजंग वीस-पंचवीस माणसांसमोर बोलून गेला, "ही जागा हिची. हिथं मी बोट घालणार न्हाई. हिला करायचं ते हिनं करावं."

उमादेवी वाढता वाढता थांबली आणि नवऱ्याकडं बघून हसली. तशी ती त्याच्याकडं बघून कैक वर्षांत हसली नव्हती. ते हसणं भुजंगच्या डोक्यात बसलं. पुढं त्यानं जो घोळ घातला तो निस्तरण्याची त्याची सगळी धडपड त्या एका हसण्यासाठी होती.

कारण चौथ्याच दिवशी त्यानं बोट नाही, कोपरापर्यंत हात घातला.

"अंजीर लावावं का सीताफळ?" त्यानं विचारलं.

उमादेवी भांडी घासत होती. "मला काय वाटतं, आधी जरा..."

"जरा-बिरा न्हाई. दोनातलं एक सांग."

"मग सीताफळ," ती म्हणाली आणि तवा घासू लागली.

विषय तिथंच संपायला पाहिजे होता. पण निवृत्त माणूस, हातात फोन आणि डोक्यात एक प्रश्न, या तिघांना एका खोलीत ठेवलं की घराचं वाटोळं व्हायला बाहेरचं कुणी लागत नाही. भुजंगनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ मारली. इकडं अंजीर, तिकडं सीताफळ. आणि तो व्हिडिओ बघायला बसला.

एक बाई म्हणाली, अंजिराला पाणी कमी लागतं. दुसरा म्हणाला, पाणी कमी पडलं की अंजीर फळ टाकतं. तिसरा म्हणाला, पाणी जास्त झालं की फळ फुटतं. एकानं छातीठोक सांगितलं की सीताफळाला औषध लागत नाही, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. त्याच्याच पुढच्या व्हिडिओत तो पिठ्या ढेकणानं पांढरी पडलेली सीताफळं दाखवून औषध विकत होता. अंजिराच्या चिकानं खाज सुटते. सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावली तर उवा मरतात, पण डोळ्यात गेली तर डोळा जातो. अंजिराच्या मुळ्या भिंत फोडतात. अंजीर तर कुंडीतसुद्धा येतं. सीताफळ पाच वर्षांनी लागतं, तीन वर्षांनी लागतं, कलमी असलं तर दोनच. हिवाळ्यात दोन्ही झाडांची पानं झडतात, असं एका म्हाताऱ्या बागायतदारानं सांगितलं. भुजंगनं ते फक्त सीताफळाच्या रकान्यात लिहिलं, कारण अंजिराच्या बाजूला जागा उरली नव्हती. या एका ओळीनं पुढं त्याला आडवं केलं, पण ते पुढं.

त्यानं हैदराबादला पोराला फोन लावला. शिवम तिथं एका कंपनीत नोकरीला होता.

"अंजीर का सीताफळ?"

"बाबा, ड्रॅगनफ्रूट लावा."

"तुला दोन गोष्टी विचारल्या आन् तू तिसरीच सांगून राहिला."

"मग आईला विचारा ना. जागा तिची हाय न्हाई का?"

"तिला विचारलं. ती सीताफळ म्हणली."

"मग झालं की," शिवम म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पण भुजंगच्या मनाला सीताफळ पटत नव्हतं. इस्लापूर-हिमायतनगरच्या रानात जे बांधावर आपोआप उगवतं, ज्याच्या पाट्या भरून बाया बसस्टँडवर बसतात, ते पक्क्या घराच्या पुढं लावायचं? लोक म्हणतील, मिस्त्रीनं घर बांधलं आणि दारात रान लावलं. अंजिराचा रुबाब वेगळा. शिवाय उमादेवीचं रक्त कमी होतं, डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, आणि अंजिरानं रक्त वाढतं असं निदान सहा व्हिडिओ सांगत होते. झालं. आता अंजीर तिच्यासाठीच होतं. आपली हौस बायकोच्या औषधात मिसळून द्यायची, ही युक्ती पुरुषाला कुणी शिकवावी लागत नाही.

किल्ल्याच्या बाजूला गुलाम रसूलची रोपवाटिका होती. त्याचा आजा, बाप आणि तो, तिघांनी आयुष्यभर कलमं बांधली. भुजंगची त्याची ओळख जुनी. डेपोच्या आवारातली कडुलिंबं त्यानंच लावली होती.

"रसूलभाई, माझ्या जागेत चार बोटं माती आन् खाली मुरूम. हिथं टिकंल असं अंजीर द्या."

"साधं अंजीर मुरमात रडंल, मिस्त्री. उंबराच्या बुडावर बांधलेलं देतो. बूड दमदार, वर अंजीर." गुलाम रसूलनं पिशवीतलं रोप पुढं केलं. जोडावर पट्टी गुंडाळलेली होती. "दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ह्या पट्टीच्या खालून जे फुटंल ते खुडत जायचं. आन् थंडीत पानं झडली तर घाबरायचं न्हाई."

भुजंग हाव हाव म्हणत होता आणि रोपाचा फोटो काढत होता.

"भाभीला तर सीताफळ पाहिजे होतं ना? परवा बाजारात म्हणल्या."

"तिच्यासाठीच न्यायलोय. तिचं रक्त कमी हाय."

गुलाम रसूलनं त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि रोप दिलं.

घरी येऊन भुजंगनं स्वतः खड्डा खणला, स्वतः रोप लावलं, स्वतः आळं केलं. उमादेवी उंबऱ्यात उभी होती.

"हे सीताफळ हाय?"

"अंजीर. तुझ्या रक्तासाठी."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

भांडण झालं असतं तर भुजंगला कळलं असतं. भांडण झालं नाही. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं की बायको सकाळी फरशी झाडत येते, मातीच्या कडेला झाडू थांबवते आणि परत फिरते. त्या नऊ बाय सातवर ती पायच ठेवत नव्हती. तिच्या जागेत ती पाहुणीसुद्धा राहिली नव्हती. भुजंग विचारायला जाई आणि काय विचारायचं हेच त्याला सुचेना.

पौषात अंजिराची पानं झडली. जोडाच्या वर नुसती करडी काडी उरली, आणि पट्टीच्या खालून बोटभर हिरवागार फुटवा आला. भुजंगनं कॅलेंडर काढून बघितलं. पानं झडण्याची ओळ सीताफळाकडं होती, अंजिराकडं नव्हती. म्हणजे हे दुखणं. तो मिस्त्री माणूस. जो पार्ट गेला तो काढायचा, जो चालू आहे त्यावर गाडी पळवायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं हॅक्सॉचं पातं आणलं, जोडाच्या वरची 'मेलेली' काडी कापून फेकली, कापलेल्या जागी टेप गुंडाळली आणि खालच्या फुटव्याला सळईचा आधार दिला. पट्टीखालून जे खुडायचं ते त्यानं वाढवलं आणि ज्याच्यासाठी एवढा कुटाणा केला ते स्वतःच्या हातानं कापलं.

फुटवा पिसाटासारखा वाढला. पावसाळा संपेपर्यंत कंपाउंडच्या भिंतीवर गेला. भुजंग शिवमला फोटो पाठवायचा, 'आपलं अंजीर'.

"ह्याचं पान उंबरासारखं दिसून राहिलंय," उमादेवी एकदा म्हणाली. झाडाबद्दल ती बोललेली ती पहिली गोष्ट.

"जात वेगळी हाय," भुजंग म्हणाला आणि पानाला खाचा नसलेल्या अंजिराचा एक व्हिडिओ शोधून त्यानं तिला दाखवला. हा माणूस खेड्यात जन्मलेला. उंबराखाली बसून शाळेचा डबा खाल्लेला. पण आपण चुकलो हे बघायचंच नसलं की डोळे फोनला भाड्यानं देता येतात.

एका गुरुवारी सकाळी फाटकाशी लक्ष्मीबाई उभी दिसली. तिसऱ्या घरची, पंचाहत्तरीची, एकटी राहणारी बाई. गुडघे गेलेले. तिच्या बोटांना हळद-कुंकू होतं.

"भुजंगा, दत्त महाराज तुझ्या दारात आपण होऊन आले रे."

"काकू, हे अंजीर हाय."

"अंजीर तुझ्या फोनात. हे औदुंबर हाय." तिनं फाटक उघडलं, आत आली आणि झाडाच्या बुडाला हळद लावली. "चार वर्षं झाली मला देवळात जाऊन. गुडघे न्हाईत ना. म्हणून त्यानंच पत्ता शोधला."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आता अशा बाईला काय सांगणार की काकू, ही दत्ताची कृपा नाही, हा हॅक्सॉचा घोटाळा आहे. भुजंगनं तिला खुर्ची दिली. पुढच्या गुरुवारी तिच्याबरोबर आणखी चौघी आल्या.

भुजंग खिशात पान घालून गुलाम रसूलकडं गेला. गुलाम रसूलनं पान बघितलं, मग भुजंगकडं बघितलं.

"थंडीत काय केलं होतं?"

भुजंगनं सांगितलं. गुलाम रसूल हसला नाही, पण त्याला खोकला आला.

"मिस्त्री, तुमच्या भाषेत सांगू का? चेसिस उंबराची होती, बॉडी अंजिराची. तुम्ही बॉडी कापून भंगारात टाकली. आता नुसती चेसिस पळून राहिली."

"आन् ती बॉडी जिवंत होती?"

"झोपली होती. थंडीत झोपतं ते."

भुजंगनं पान परत खिशात घातलं. मग म्हणाला, "एक सीताफळ द्या."

काळ्या पिशवीतलं सीताफळाचं रोप त्यानं न्हाणीघराच्या भिंतीशी आणून ठेवलं आणि बायकोला सांगितलं, "ते झाड काढतो. तुझं सीताफळ लावतो. चुकलं माझं."

'चुकलं माझं' हे दोन शब्द उच्चारायला त्याला दीडेक वर्ष लागलं होतं. निदान त्यावर तरी ती हसेल असं त्याला वाटलं. उमादेवी म्हणाली, "बघा."

पण काढायचं कसं? लाकूडतोड्याला बोलावलं. तो कुऱ्हाड घेऊन आला, झाड बघून त्यानं पायातल्या चपला काढल्या, नमस्कार केला आणि चहा न घेता गेला. भुजंगनं स्वतः कोयता उचलला. दोन वेळा उचलला. तो काही फार देवभोळा नव्हता, पण उंबर कापलेल्या माणसाच्या तीन-तीन गोष्टी त्यानं लहानपणी ऐकल्या होत्या आणि तिन्ही गोष्टींत शेवटी अंथरूण होतं. त्यानं परत फोनला विचारलं. एक महाराज म्हणाले, दारात औदुंबर म्हणजे साक्षात शांती. दुसरे म्हणाले, दारात औदुंबर म्हणजे घराला ग्रहण. तिसरे म्हणाले, दिशा बघा. भुजंगनं दिशा बघितली, तर फोन एकदा ईशान्य दाखवी आणि एकदा वायव्य. कॉलनीतल्या एकानं कानात सांगितलं, "कापायचं पाप. आपोआप वाळलं तर कुणाचंच न्हाई."

मिस्त्रीच्या घरात बॅटरीचं ॲसिड असतंच. एका दुपारी भुजंग ती बाटली पंच्यात गुंडाळून बाहेर आला. झाडाखाली खुर्चीत लक्ष्मीबाई बसली होती. गुरुवार नव्हता, तरी बसली होती. डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, सावलीत.

"ये भुजंगा," ती म्हणाली. "लई गार वाटतं हिथं."

त्यानं बाटली पाठीमागं धरली आणि तसाच मागं मागं सरकत घरात गेला. आत उमादेवी उभी होती. तिनं बाटली बघितली. ती त्याच्या हातातून घेऊन परत माळ्यावर ठेवली. त्या क्षणी भुजंगला कळेनासं झालं की बायकोला झाड जायला पाहिजे आहे का राहायला. त्याला हेही कळेना की आपण इतकी वर्षं हिच्याबरोबर राहून हे साधं कसं कळत नाही.

शेवटी तो परत किल्ल्याकडं गेला.

"रसूलभाई, कापायला तुम्हीच या. तुमच्यात तर ह्याचं काही नसतं."

गुलाम रसूल कलम बांधत होता. त्याचे हात थांबले. त्याची बायको चांदबी चहा घेऊन आली होती. तिनं कप जरा जोरातच ठेवला.

"मी न्हाई पाठवणार ह्यांना," ती म्हणाली. "राग मानू नका, भाईसाब. काम तुमचं, झाड तुमचं, पण नाव कुणाचं हुईल? औदुंबर कुणी कापला? गुलाम रसूलनं कापला. सांजच्यापर्यंत ह्यांचा फोटो गावभर फिरंल."

"आपल्या गावात असं..." भुजंग म्हणाला आणि त्याला आठवलं. डेपोतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर मागच्याच महिन्यात कुठल्या तरी गावचा असाच एक फोटो आला होता. खरा का खोटा, न बघता त्यानं तो पुढच्या चार ग्रुपांवर ढकलला होता. ढकलून तो जेवायला बसला होता. फोटोतल्या माणसाला बायको असेल आणि ती कुठंतरी असा कप आपटत असेल, हे त्या जेवणात त्याच्या मनाला शिवलं नव्हतं.

त्यानं चहा प्यायला. चहा गोड होता. ते आणखीच वाईट.

गुलाम रसूलनं हातातलं कलम बाजूला ठेवलं. "कापता कशाला? उचला. दीड-दोन वर्षांचं झाड हाय, बूड मनगटापेक्षा जाड नसंल. आर्द्रा लागू द्या, मातीच्या गड्ड्यासकट काढा आन् दुसरीकडं लावा. उंबर चिवट असतो. महिनाभर रुसंल, मग फुटंल."

"मला जमंल?"

"मी सांगतो. पण रस्त्यावरून. फाटकाच्या आत येणार न्हाई."

आता उरली लक्ष्मीबाई. भुजंग तिच्या ओट्यावर जाऊन बसला आणि सगळं सांगितलं, हॅक्सॉसकट. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे महाराज आपण होऊन न्हाई आले."

"न्हाई काकू. माझ्या चुकीनं आले."

"चुकीनं का होईना, आले ना." ती थोडा वेळ गुडघे चोळत राहिली. "कुठं नेणार?"

"टाकीजवळ मोकळी जागा हाय कॉलनीची."

"माझ्या खिडकीतून दिसंल अशा जागी लाव. बुडाला लोखंड लावायचं न्हाई."

"फांद्या छाटाव्या लागतील, काकू."

"फांद्या समिधेला चालतात. मला आणून दे."

"खणायला पहार तर लागंल. ती लोखंडाची."

"मातीला चालतं."

"आन् मुळीला लागली तर?"

लक्ष्मीबाईनं विचार केला. "मला दिसली न्हाई तर चालतं," ती म्हणाली.

आर्द्रा नक्षत्रातल्या एका ढगाळ सकाळी भुजंगनं पहार उचलली. गुलाम रसूल आला आणि फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. त्यानं दोन्ही हात पुढं घेऊन एकमेकांत अडकवले होते, रिकामे, सगळ्यांना दिसतील असे. कॉलनीतली दहा-पंधरा माणसं जमली. दोघातिघांनी फोन वर धरले.

"रसूलभाई, सावलीत तरी या," भुजंग म्हणाला.

"हिथं बरा हाय. माझे हात फोटोत नीट येऊ द्या." तो हसत म्हणाला, पण हात हलवले नाहीत. "बुडापासून दीड हात सोडून गोल खणा. घाई नका करू. हाव, तसं."

साठीचा माणूस खणत होता आणि साठीचाच दुसरा माणूस, ज्याला हे काम झोपेत जमलं असतं, तो रस्त्यावर हात बांधून बघत होता. पहार चुकीची पडली की त्याचे खांदे हलायचे. एकदा मुळीजवळ माती ढासळली तेव्हा तो दोन पावलं पुढं आला, फाटकाच्या लोखंडी पट्टीपाशी थांबला आणि परत मागं गेला. फोन वर धरणाऱ्यांनी तेही टिपलं. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक.

मुरूम लागला तेव्हा भुजंग मिस्त्रीचं डोकं चाललं. त्यानं गड्ड्याला ओलं बारदान गुंडाळलं, खाली फळी सरकवली आणि गॅरेजातून मागून आणलेला जॅक लावला. बस उचलायचा जॅक. दांडा मारला तसा उंबर बोटबोट वर आला. बघणारे पहिल्यांदाच गप्प झाले. चौघांनी मिळून झाड हातगाड्यावर घेतलं. वरात निघावी तसं सगळं टाकीकडं गेलं. गुलाम रसूल दहा पावलं मागं. खड्डा तयार होता. झाड उतरलं, माती भरली, लक्ष्मीबाईनं खिडकीतून हात हलवून "जरा डावीकडं" सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता.

"जगंल?" भुजंगनं विचारलं.

"जगंल. पानं गळतील. तवर लोक तुमच्याकडं वाकडं बघतील. सवय करा," गुलाम रसूल म्हणाला. "आम्हाला हाय."

घरी परत आला तेव्हा भुजंगच्या पाठीत कळा होत्या, पण जीव हलका झाला होता. नऊ बाय सातच्या मधोमध मोठा खड्डा होता. त्यानं न्हाणीघराजवळून सीताफळाचं रोप आणलं. पिशवी फोडून मुळ्या बाहेर आल्या होत्या. गुलाम रसूल फाटकाबाहेरच होता. उमादेवी पायरीवर बसली होती.

"खड्डा अजून खोल करू का एवढा बास?" भुजंगनं दोघांनाही विचारलं.

"सीताफळाला बास हाय," गुलाम रसूल म्हणाला.

"मला सीताफळ नको," उमादेवी म्हणाली.

भुजंगला वाटलं ती चिडली आहे. "मग अंजीरच आणू का परत? ह्या बारी काडी न्हाई कापणार."

"अंजीर पण नको."

"मग काय लावायचं?"

"काहीच न्हाई."

भुजंग रोप हातात धरून उभा राहिला. त्याला वाटलं आपलं ऐकण्यात काही गडबड झाली, म्हणून त्यानं गुलाम रसूलकडं बघितलं. गुलाम रसूल रस्त्याकडं बघत होता.

"अगं, तू सीताफळ म्हणली होतीस."

"तुम्ही म्हणले, दोनातलं एक सांग. मी एक सांगितलं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला नुसती माती पाहिजे होती. सकाळचं ऊन पडतं तिथं. शेणानं सारवीन, बाज टाकीन, कुरडया घालीन, न्हाईतर बसंन. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या नालीकडं तोंड करून बसले. आपल्या जागेत कशाचीच अडचण न होता बसायचं होतं मला."

"मग पहिल्यांदाच का न्हाई सांगितलं?"

"सांगत होते. तुम्ही जरा-बिरा न्हाई म्हणले."

भुजंगला ते आठवलं. आठवलं आणि तरी त्याच्या डोक्यात बसेना. रिकामी जागा. पैसे मोजून घेतलेल्या प्लॉटवर रिकामी जागा? ज्या मातीत काही येऊ शकतं तिच्यात काहीच आणायचं नाही, ही कसली मागणी? आणि तिला सीताफळ नकोच होतं तर तो दोन वर्षं कशाबद्दल शरमून राहिला होता? त्याच्या जिभेवर आलं की एका कोपऱ्यात तरी, अगदी कडेला, बाजेला अडणार नाही असं. तोंड उघडलंही.

उमादेवी त्याच्याकडं बघत होती. रागानं नव्हे. नुसती बघत होती, हा आता काय बोलतो म्हणून.

त्यानं तोंड मिटलं.

"रसूलभाई," तो म्हणाला, "हे रोप परत घेता का?"

"घेतो की," गुलाम रसूल म्हणाला. झाड गेलं होतं, बघणारे गेले होते. तो फाटक उघडून आत आला, भुजंगच्या हातातून रोप घेतलं आणि मुळ्यांना चिकटलेली फाटकी पिशवी सवयीनं सारखी करू लागला. जाताना त्यानं उमादेवीला आदाब केला.

भुजंगनं फावडं उचललं आणि खड्डा भरायला घेतला. सगळी माती आत गेली तरी मधे बशीसारखा खोलगटपणा राहिला, कारण गड्ड्याबरोबर बरीच माती टाकीकडं गेली होती. मग त्यानं घराच्या मागून चार घमेली माती आणली. माती चोपायची धुम्मस शोधून काढली आणि ठोकायला लागला. त्याला अजून काही उमजलं नव्हतं. रिकाम्या मातीवर बसून माणूस नेमकं काय करतो, हे कुठल्या व्हिडिओत सांगितलं असेल असंही त्याला वाटेना. पण तो ठोकत राहिला, कडेपासून मधे, मधून कडेला.

मग थांबला. पाऊस आला तर पाणी साचून राहील, हे मिस्त्रीच्या लक्षात आलं. उतार नालीकडं काढावा असं त्याला वाटत होतं. फाटकाकडंही निघाला असता. त्यानं ते सांगितलं नाही.

"पाण्याचा उतार कुणीकडं ठेवू?" त्यानं विचारलं.

उमादेवी पायरीवरून उठली. चप्पल काढून मातीवर आली, मधोमध उभी राहिली, आणि एकदा भिंतीकडं, एकदा आभाळाकडं बघत राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "बघू द्या."

भुजंग धुम्मस टेकून उभा राहिला.